चौथ्या गिअरमधली शीळ

"पुढचे कोण?" असं म्हणत कानवाल्यांनी दार उघडलं, तर बाकावरून फोरमन उठले. त्यांच्या हातात केसपेपर नव्हता, गाडीची किल्ली होती.

"माझा नंबर नाहीये साहेब," फोरमन म्हणाले. "गाडीबद्दल जरा बोलायचं होतं."

ऐकू कमी येणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. काही जण इतकं हळू बोलतात की ऐकणाऱ्याला आपल्याच कानांची शंका यावी, आणि काही जण आपलं बोलणं आपल्याला ऐकू यावं म्हणून सगळ्या गल्लीला ऐकवतात. फोरमन दुसऱ्या तऱ्हेचे. पत्र्याच्या कारखान्यात, प्रेसच्या धडधडाटात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. नोकरी संपली तरी लोक त्यांना फोरमनच म्हणत, आणि तेही अजून कारखान्यात असल्यासारखेच बोलत. त्यामुळे त्यांना गाडीबद्दल बोलायचंय हे बाकावरच्या सगळ्या रुग्णांना समजलं, औषधांच्या खिडकीतल्या बाईंना समजलं, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातलेले एक आजोबासुद्धा मान वळवून बघू लागले.

"नंतर बोलू या का?" कानवाले खालच्या आवाजात म्हणाले.

"काय?"

"नंतर. नंतर बोलू."

"नंतर नको, मग तुमच्याकडे गर्दी होते. फार काही नाही, गाडी परत करायचीये. पैसे परत घ्यायचेत."

कानवाल्यांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना आत घेतलं, आणि आतल्या खोलीत न थांबता सरळ पेटीत नेलं.

कानवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इस्पितळात कान तपासायचं काम इतकी वर्षं तेच करत होते, म्हणून शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना कानवालेच म्हणत. खरं आडनाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. आणि पेटी म्हणजे त्यांच्या खोलीतली ती छोटी बंद खोली. जाड भिंती, जाड दार, एक लहानशी काच आणि एकच खुर्ची. रुग्णाने आत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे. कानवाले काचेपलीकडून बारीक-मोठे आवाज सोडणार, आवाज आला की रुग्णाने बोट वर करायचं. बाहेर बॉम्ब पडला तरी आत कळू नये अशी ती खोली. आतलं बाहेर कळू नये म्हणून कानवाल्यांनी ती आज पहिल्यांदाच वापरली.

फोरमन खुर्चीत बसले. दुसरी खुर्ची नव्हतीच, म्हणून कानवाले समोर भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"इथे का आलो आपण? तपासायचंय का काही?"

"नाही. इथे बाहेरचा गोंगाट नाही. तुम्हाला नीट ऐकू येईल म्हणून."

हे कारण खोटं नव्हतं. पण ते इतकं चटकन जिभेवर आलं, की कानवाल्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"त्याचं काय झालं," फोरमन सांगू लागले, "परवा आमची मंडळी पहिल्यांदा गाडीत बसली. ती पडदे शिवते ना, ते घरोघर पोचवायला म्हणून तर गाडी घेतली. आतापर्यंत बिचारी बसने गठ्ठे न्यायची. तर मोठ्या रस्त्याला लागलो, मी चौथा टाकला, आणि ती म्हणाली, ही शीळ कसली? मी म्हटलं, कसली शीळ? ती म्हणाली, थांबवा गाडी. मग आम्ही तिसऱ्यावर आलो, तर बंद झाली म्हणाली. चौथा टाकला की पुन्हा सुरू. मला तर काहीच कळेना. मी तिच्या तोंडाकडे बघून गाडी चालवत होतो."

ते जरा हसले. कानवाल्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

"मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय, सगळं खाली उतरवावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी खालीच बसलो. तेवढ्यात आमचं वर्षाचं भाडं भागतं साहेब."

"हं."

"ती घरी आल्यापासून एकच धरून बसलीये. फसवलं म्हणते. ज्या माणसाचं पोट कानांवर चालतं, त्याला शीळ ऐकू आली नाही होय, असं म्हणते. मी म्हटलं, तोंडाला येईल ते बोलू नकोस. तो माणूस तसा नाही."

पेटीत कोणी बोललं नाही की आपलाच श्वास मोठा वाटायला लागतो. कानवाले स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

"मी तिला म्हटलं, त्यांचंही वय होतच आलंय की. आपले कान गेलेत हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. माझं मला कुठे कळलं होतं? तीच आधी ओरडायला लागली, रेडिओ किती मोठा लावता म्हणून." फोरमननी मान वर केली. त्यांच्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता. "तसंच काही झालंय का साहेब तुमचं?"

माणूस विहिरीत पडलेला असावा आणि वरून कोणीतरी दोर सोडावा, तसं ते वाक्य आलं. दोर कोणी सोडला आणि तो धरावा की नाही, याचा विचार कानवाल्यांनी केलाच नाही.

"हो," ते म्हणाले. "हल्ली बारीक आवाज मलाही जरा कमीच येतात."

फोरमन उठून उभे राहिले. त्या एवढ्याशा जागेत त्यांनी कानवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरेरे. आणि तुम्ही दुसऱ्यांचे कान तपासत बसलाय. इथे माहितीये कोणाला?"

"नाही."

"घरी?"

कानवाल्यांनी मान हलवली.

"सांगून टाका. मी लपवत बसलो, म्हणून माझं इतकं वाढलं. तुम्हीच बोलला होतात मला. आठवतंय ना?"

कानवाल्यांना आठवत होतं.

"पैशांचं सवडीने बघा," फोरमन म्हणाले. "दोन-चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालतील. मंडळींना मी समजावतो. गाडी दारात उभी करून ठेवलीये, हात लावत नाही." आणि बाहेर पडताना, दार उघडल्यावर, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "काळजी घ्या बरं का."

खरी गोष्ट अशी होती.

ती शीळ कानवाल्यांनी कितीतरी आधी, इतर कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच ऐकली होती. चौथ्या गिअरमध्ये, रस्ता मोकळा असला की, बारीक, सरळ, न थांबणारी. ते लगेच ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, काही महिने निघतील, मग मोठा खर्च आहे. न्हाणीघर गळत होतं, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली होती, तिथले लोक रोज जिन्यात गाठून विचारत होते. मग नवरा-बायकोने ठरवलं, गाडी विकून टाकू. कानवाल्यांनी इस्पितळाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली.

पहिला आला तो एक कंपाउंडर. चक्कर मारून आला आणि म्हणाला, गाडी गाते छान, पण मला गाणारी नको. दुसरं एक जोडपं आलं. त्यातली बाई काही न बोलता नुसती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि दोघं चहाला न थांबता गेले. त्यानंतर फोरमन आले. मशीन, म्हणजे कानातलं यंत्र, नीट बसवून घ्यायला ते कानवाल्यांकडे नेहमी येत. फळ्यावरची चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "तुमची गाडी आहे म्हणजे बघायलाच नको. पण मंडळी विचारतील, म्हणून एक चक्कर मारतो."

इथपर्यंत कानवाल्यांच्या मनात काही नव्हतं. सांगायचं, असंच त्यांनी ठरवलं होतं. निदान पुढे ते स्वतःला तसं सांगत आले. फोरमन गाडीत बसले, काच खाली केली, वारा आत आला. फोरमननी कानातलं मशीन काढलं, त्याच्या डबीत ठेवलं आणि डबी वरच्या खिशात घातली.

"वाऱ्यात नुसती घरघर होते त्यात," ते म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं ना, गाडीत त्रास झाला तर काढून ठेवत जा."

सांगितलं होतं खरं. सगळ्यांनाच सांगत ते. फोरमनच्या कानांचा आलेख कानवाल्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता. मशीन नसलं की कोणत्या पट्टीपासून वरचं त्यांना काही म्हणता काही येत नाही, हे जगात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. मोठ्या रस्त्यावर फोरमननी चौथा टाकला. शीळ सुरू झाली. फोरमन ऐटीत एका हाताने गाडी चालवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता.

"काय झकास चाललीये," ते म्हणाले. "आवाजसुद्धा नाही."

"हो," कानवाले म्हणाले.

एवढंच. दुसरं काही ते बोलले नाहीत. पण त्या एका होकाराने त्यांची झोप उडाली होती, आणि आज पेटीत त्यांनी त्याच्यावर दुसरा होकार चढवला होता.

घरी आले तेव्हा न्हाणीघराच्या फरश्या उखडलेल्या होत्या आणि बायको स्वयंपाकघरात बादल्या भरून ठेवत होती. गवंडी कबूल करूनही आला नव्हता.

"फोरमन आले होते," कानवाले म्हणाले. "गाडी परत घ्या म्हणतायत."

"आता?" बायकोने नळ बंद केला. "सही झालीये, पैसे दिलेत, त्यांनी गाडी नेलीये. कागदावर स्पष्ट लिहिलंय, आहे त्या स्थितीत विकली म्हणून. जुनी गाडी घेताना माणूस चार ठिकाणी दाखवून घेतो. ती त्यांची चूक."

"ते बरोबर आहे."

"मग झालं तर. कायद्याने आपण एक पैसा देणं लागत नाही. आणि द्यायचा कुठून? अर्धं न्हाणीघर खणून ठेवलंय. बँकेतली ठेव मोडायची का?"

"अगं, ते भांडायला नव्हते आले."

"मग तर सोपंच आहे."

कानवाल्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि पुन्हा तोच घातला. बायको बघत होती. संसारात इतकी वर्षं काढल्यावर एवढं पुरतं.

"काय केलंत तुम्ही?" तिने विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. फोरमननी मशीन काढून डबीत ठेवलं ते सांगितलं, आवाजसुद्धा नाही म्हणाले ते सांगितलं, आणि आपले कान गेल्याचं पेटीत सांगून आलो हेही सांगितलं. शेवटचं ऐकून तिला हसू फुटलं. "तुमचे कान? शेजारच्यांच्या घरात चमचा पडला तर तुम्हाला कळतं." पण हसता हसता ती थांबली. ओले हात पुसत उंबऱ्यापाशी टेकली.

"मला वाटलं होतं, त्यांना शीळ आली नाही ते आपलं नशीब," ती म्हणाली. "त्यांना येणारच नाही हे तुम्हाला माहीत होतं, ते मला माहीत नव्हतं."

"हो."

"हे मला सांगायला नको होतंत. आता मला कागद दाखवता येत नाही."

त्या रात्री दोघांपैकी कोणीच पैशांचा विषय काढला नाही.

सकाळी कामावर गेले, तर डॉक्टरीणबाई त्यांच्या खोलीत आधीच येऊन बसल्या होत्या. कानांच्या विभागाच्या त्या प्रमुख. कानवाल्यांनी काढलेल्या आलेखांवर त्यांची सही होत असे, आणि त्या सहीवर कोणाला मशीन मिळे, कोणाचं ऑपरेशन ठरे, कोणाला कारखान्याकडून भरपाई मिळे. आज त्या उठल्या नाहीत की हसल्या नाहीत.

"तुमचे एक पेशंट मला काल जाताना भेटले," त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोलणारे. मला बाजूला घेऊन सांगत होते. म्हणजे सगळ्या व्हरांड्यात सांगत होते. कानवाल्यांना रागावू नका म्हणाले, घरच्यांनाही सांगितलेलं नाही त्यांनी. तुमचे कान कमी झालेत म्हणे."

कानवाले दारातच उभे होते.

"मला रागवायचं नाहीये. पण इथे बसून तुम्ही रोज लोकांना आवाज ऐकवता. तपासायच्या यंत्रातून बारीक आवाज नीट निघतोय की नाही, हे सकाळी आधी तुम्ही स्वतः ऐकून बघता. तुम्हालाच येत नसेल, तर मला सगळे आलेख पुन्हा बघावे लागतील. बसा आत."

कानवाले पेटीत जाऊन खुर्चीत बसले. आपल्या खोलीतली ती खुर्ची इतकी बुटकी असेल हे त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले, बाहेर जाऊन दार लावलं आणि काचेपलीकडे बसल्या.

फसवणं अगदी सोपं होतं. लोक कान गेल्याचं सोंग आणतात ते कुठे पकडले जातात, हे कानवाल्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळे ते न पकडलं जाणारं सोंग आणू शकत होते. खालच्या पट्टीला बोट वर करायचं. मधल्या पट्टीला जरा उशिराने. मग वरच्या पट्टीला हात मांडीवर ठेवून शांत बसायचं. फोरमनचा आलेख त्यांना पाठ होता, तोच हुबेहूब आपल्या नावावर काढून घेता आला असता. मग सगळं जुळलं असतं. शीळ आली नाही, कारण कान गेलेत. माणूस बिचारा. त्याला दुसऱ्या टेबलावर बसवा.

पहिला आवाज आला. त्यांनी बोट वर केलं.

आवाज बारीक होत गेले, मग पट्टी चढत गेली. प्रत्येक आवाजाला कानवाल्यांचं बोट वर जात होतं. वरच्या पट्टीत आवाज इतका सूक्ष्म झाला, की तो कानात आहे की आठवणीत हे कळू नये. तरी तो होताच, आणि बोट वर गेलं. काचेतून डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. कानवाल्यांना रडू येत होतं, पण हात वर करायचा असल्याने डोळे पुसायची सोय नव्हती.

दार उघडलं. "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग त्या माणसाला असं का सांगितलंत?"

"मी त्यांना गाडी विकली. तिच्यातून आवाज येत होता. तो त्यांना ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंनी हेडफोन हातात घेतले आणि त्यांची वायर गुंडाळत राहिल्या. बराच वेळ ती वायर काही गुंडाळून संपेना.

"ते मला आणखी एक म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे जुनं एक मशीन पडून आहे. चांगल्या स्थितीत. तुम्हाला लागलं तर द्यायला तयार आहेत. तुम्ही स्वतः मागणार नाही, म्हणून मी विचारावं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना काय सांगू?"

"मी सांगतो," कानवाले म्हणाले.

दुपारी ते बँकेत गेले. ठेव मोडायचं बायकोला फोनवर सांगितलं, तेव्हा ती "बरं" एवढंच म्हणाली. चेक खिशात घालून ते बसने फोरमनच्या घरी निघाले. बसमध्ये त्यांनी मनाशी वाक्यं जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य सुरुवातीला कबुलीचं असे आणि शेवटाकडे येता येता न्हाणीघराच्या गळतीवर जाऊन थांबे.

गाडी दारातच उभी होती. फोरमन बादली आणि फडकं घेऊन तिच्या काचा पुसत होते.

"या या," ते म्हणाले. "म्हटलं परत द्यायची वस्तू, जरा धुऊन द्यावी. आज आलात, एवढी घाई नव्हती हो."

वर दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, आणि भिंतींवर, दारांवर, दोऱ्यांवर सगळीकडे दुसऱ्यांच्या घरांचे पडदे. फोरमनची बायको गळ्यात टेप घालून कापड बेतत होती. तिने मान वर करून कानवाल्यांकडे पाहिलं, बसा म्हणाली, आणि पुन्हा कात्री चालवू लागली. कात्री जरुरीपेक्षा जरा जोरातच चालत होती.

कानवाल्यांनी चेक आणि गाडी परत घेतल्याचा कागद टेबलावर ठेवला. "सगळी रक्कम आहे. मेकॅनिकला तपासणीचे दिलेत, तेही धरलेत."

"ते कशाला? तुम्हाला काय ठाऊक होतं?" फोरमन म्हणाले आणि बायकोकडे वळले. "बघ. मी तुला काय म्हणत होतो?"

बायकोची कात्री चालूच होती.

"फोरमन," कानवाले म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. "मला शीळ ऐकू येत होती."

कात्री थांबली.

"काय म्हणालात?" फोरमननी विचारलं. मग बायकोला विचारलं, "काय म्हणाले गं?"

तिने कानवाल्यांकडे बघितलं. ती सांगू शकली असती, काहीही सांगू शकली असती. पण ती म्हणाली, "त्यांनाच सांगू दे."

बहिऱ्या माणसाच्या घरच्यांना कानवाले रोज एक गोष्ट बजावून सांगत. त्यांच्याकडे बघून बोला, तोंडावर उजेड असू द्या, ओठ दिसू द्या, नुसतं ओरडून उपयोग नाही. निम्मं ते कानांनी ऐकतात आणि निम्मं डोळ्यांनी. शेकडो लोकांना हे सांगताना ते किती अवघड असू शकतं, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. ते खुर्चीवरून उठले, खिडकीकडे तोंड करून फोरमनच्या समोर उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करत मोठ्याने म्हणाले,

"मला शीळ ऐकू येत होती. आधीपासून. माझे कान चांगले आहेत. तुम्ही मशीन काढून ठेवलंत, म्हणून मी बोललो नाही."

खालच्या मजल्यावर कोणाचातरी रेडिओ चालू होता, तो बारीक झाला.

फोरमन बराच वेळ त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, अजून काही यायचं राहिलंय असं समजून. मग त्यांनी नजर वळवली.

"मी म्हटलं होतं, आवाजसुद्धा नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते हळू बोलत होते. "तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"डॉक्टरीणबाईंना मी काय काय सांगून बसलो."

"ते मी त्यांना सांगितलंय. चूक माझीच होती म्हणून. तुमचं काही चुकलं नाही."

"तसं नव्हे." फोरमननी हाताने काहीतरी बाजूला सारलं. "लोक हसतात, पाठीमागे बोलतात, ते मला चालतं. तेवढं कातडं जाड झालंय. पण जे मला ऐकू येत नाही, ते आहे की नाही हे मला कोणाला तरी विचारावं लागतं साहेब. घरात हिला विचारतो. बाहेर तुम्हाला विचारत होतो. तिसरं कोणी नाही."

कानवाल्यांना माफ करा म्हणायचं होतं. बसमध्ये ते वाक्य तयार होतं. पण आता ते म्हणणं म्हणजे फोरमनकडे आणखी काही मागण्यासारखं झालं असतं, म्हणून ते गप्प उभे राहिले.

"मशीन बसवायला पुढच्या वेळी मी दुसरीकडे जाईन," फोरमन म्हणाले. "राग म्हणून नाही. पेटीत बसल्यावर मला कळणार कसं, आवाज आलाच नाही की मला आला नाही? तुमच्यावर सोडून देत होतो सगळं. तसं आता जमायचं नाही."

"बरोबर आहे."

"कागदावर सही कुठे करायची?"

सही झाली. फोरमननी किल्ली त्यांच्या हातात दिली, पण खाली यायला ते निघाले नाहीत. खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांची बायको मात्र टेप तशीच गळ्यात ठेवून कानवाल्यांबरोबर जिना उतरली. गाडीत तिची एक पिशवी राहिली होती, ती घ्यायची होती.

तिने मागचं दार उघडून पिशवी काढली. तेव्हा कानवाल्यांना दिसलं, की गाडीच्या सगळ्या सीटना नव्या खोळी घातल्या होत्या. निळ्या जाड कापडाच्या, कडेने पांढरी पट्टी लावलेल्या, दुहेरी शिलाईच्या. गाडी त्यांच्याकडे असताना त्या सीटचं फाटकं अंग त्यांनी वर्षानुवर्षं टॉवेलखाली झाकलं होतं.

"वहिनी, या काढून घ्या," ते म्हणाले. "एवढं शिवलंत. मी थांबतो."

"काढून काय करू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, नुसता हिशेबीपणा होता. "याच सीटच्या मापाने बेतल्यात. दुसऱ्या कशाला बसायच्या नाहीत."

"मग शिलाई तरी घ्या."

"विकायला शिवल्या नव्हत्या."

चालकाच्या सीटवरचा एक कोपरा सुटून वर आला होता. तिने वाकून तो आत खोचला, वरून तळहाताने कापड सारखं केलं आणि बाजूला झाली. कानवाले आत बसले. खोळ चुरगळू नये म्हणून ते पुढच्या कडेवर, पाठ न टेकता बसले, आणि घरापर्यंत तसेच गेले.